मायक्रोडोसिंग: एकट्याने, की कोणी सोबत असताना?

कासवगती
या विषयावर दोन टोकांचे सल्ले मिळतात. पहिला: एलएसडी किंवा सिलोसायबिनच्या (भ्रम आणणाऱ्या मशरूममधलं द्रव्य) पूर्ण मात्रेचा दहावा-विसावा हिस्सा तो, त्याला गाईड कशाला? दुसरा: जाणकार माणसाशिवाय हात लावू नका. गंमत अशी की दुसरा सल्ला देणारा बऱ्याचदा स्वतःच गाईड असतो आणि त्याचं दरपत्रक तयार असतं. या दोन्हींच्या पलीकडचं हवं आहे. सोबतीचा माणूस नेमकं कोणतं काम करतो, ते काम एकट्याने होतं का, आणि कोणत्या माणसाने या वाटेला जाऊच नये?

एक आधीच सांगतो. एलएसडी आणि सिलोसायबिन दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारातल्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे बहुतेक देशांत बेकायदा. कुठे मिळतं ही चर्चा इथे नको. कोणी विचारलं तर प्रतिसाद उडवला जाईल.

औषधमात्रा
सुरुवात आकड्यांपासून करू, कारण 'मायक्रो' हा शब्द लोक फार सैल वापरतात. संशोधनात एलएसडीची सूक्ष्म मात्रा साधारण ५ ते २० मायक्रोग्रॅम धरतात. १९४३ साली एलएसडी बनवणाऱ्या आल्बर्ट हॉफमनने मुद्दाम घेतलेली पहिली मात्रा २५० मायक्रोग्रॅम होती, त्यावरून अंदाज करा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठाने ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा २० ला काहींचं लक्ष आणि मूड सुधारला, पण गोंधळ आणि अस्वस्थताही वाढली. म्हणजे 'जाणवणारही नाही इतकं' याची वरची कड फार जवळ आहे. एखाद्याचं १० दुसऱ्याला १५ सारखं लागू शकतं.

आता घरातली अडचण. ब्लॉटरच्या (एलएसडी टिपून घेतलेल्या) कागदावर औषध एकसारखं पसरलेलं असेलच असं नाही. चौकोनाचे दहा तुकडे केले की प्रत्येकात दहावा हिस्सा येईल, हे गणित कागदापुरतंच खरं. शिवाय उजेड, ओल आणि क्लोरीनवालं पाणी यांनी एलएसडी विघटित होतं, म्हणून जुन्या तुकड्याचा भरवसा आणखी कमी. वाळवलेल्या मशरूममध्ये सिलोसायबिनचं प्रमाण जातीनुसार, वाढीनुसार आणि एकाच खेपेतल्या दोन मशरूममध्येही बदलतं. ०.०१ ग्रॅम लघुतम मापाचा काटा ०.१ ग्रॅम दाखवतो तेव्हा त्यात दहा टक्क्यांची चूक सहज असते, आणि तितक्या हलक्या वजनाला स्वस्त काटे त्याहून जास्त चुकतात. म्हणून 'काल काहीच नाही, आज भर दुपारी मीटिंगमध्ये भिंत हलायला लागली' असं होतं. मात्रा हातात नाही, हा एकट्याने करणाऱ्याचा पहिला धोका. गाईड ठेवला म्हणून तोही आपोआप सुटत नाही, कारण त्याच्याकडचा मालही बहुधा तसाच.

पारिजात_७
+१. त्यात आणखी एक. कागदावर एलएसडीच आहे कशावरून? २०१० नंतरच्या काळात त्या नावाखाली २५आय-एनबीओएमई हे दुसरंच कृत्रिम रसायन बऱ्याच ठिकाणी विकलं गेलं. ते कमी मात्रेतही रक्तवाहिन्या आवळतं आणि त्याने मृत्यू झाले आहेत. एर्लिक रिएजंट या तपासणीच्या द्रावणाच्या थेंबाने एलएसडी जांभळट होतं, एनबीओएमई होत नाही. पण रंग आला तरी तो 'आहे' एवढंच सांगतो. 'किती' आणि 'अजून काय' हे त्यातून कळत नाही.

मशरूम गोळा करणाऱ्यांसाठी वेगळी ओळ: गॅलेरिना नावाची छोटी तपकिरी मशरूम सिलोसायबी या सिलोसायबिनवाल्या मशरूमच्या काही जातींच्या शेजारीच उगवते आणि तिच्यात यकृत निकामी करणारे अमॅटॉक्सिन असतात. लक्षणं सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात, तोवर माणूस 'पचलं' म्हणून निर्धास्त.

आणि 'मायक्रोडोस' असं छापलेली चॉकलेटं किंवा गमी. त्यात कित्येकदा सिलोसायबिन नसतंच, अमानिटा मस्कारिया या वेगळ्याच मशरूममधलं मस्किमॉल असतं. ते सेरोटोनिनच्या नव्हे, गाबाच्या (मेंदूतलं दुसरं संदेशवाहक रसायन) वाटेने काम करतं. पेंग, उलट्या, झटके (फिट येणं), सगळं वेगळं. २०२४ मध्ये अमेरिकेत अशा एका चॉकलेटमुळे लोक रुग्णालयात गेले आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला.

संशयात्मा
हे सगळं मान्य, पण मूळ प्रश्नच चुकतोय असं वाटतं. गाईड हवा की नको हे ठरवण्याआधी यातून काय मिळतं ते बघा. २०२१ साली इंपिरियल कॉलेज लंडनने केलेल्या अभ्यासात १९१ जणांनी घरीच स्वतःवर आंधळी चाचणी केली: काहींच्या कॅप्सूलमध्ये खरी सूक्ष्म मात्रा, काहींच्या रिकाम्या, काहींना निम्मे आठवडे खरी आणि निम्मे रिकामी, आणि कोणती कोणती हे घेणाऱ्यालाच ठाऊक नाही. महिन्याभरानंतर सगळेच गट सुधारले आणि त्यांच्यात म्हणण्याजोगा फरक उरला नाही. ज्याला 'आज खरी होती' असं वाटलं त्याला बरं वाटलं. अर्जेंटिनात ३४ जणांवर अर्धा ग्रॅम वाळवलेल्या मशरूमची चाचणी झाली, तिथेही जाणवलेला परिणाम बराचसा ओळखण्याशी जोडलेला निघाला.

मग गाईड काय करतो? त्याचा स्वतःचा विश्वास पक्का, आवाज शांत, खोलीत उदबत्ती. अपेक्षा दुप्पट. म्हणजे प्लासिबोच (औषध नसलेली, नुसत्या विश्वासावर चालणारी गोळी) महाग केला.

उंबरठा
संशयात्मा, अपेक्षेचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष घाईचा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची चाचणी बघा, ती या धाग्याच्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. ८० निरोगी पुरुष, निम्मे एलएसडीवर आणि निम्मे प्लासिबोवर. १० मायक्रोग्रॅम, दर तिसऱ्या दिवशी, सहा आठवडे, एकूण १४ मात्रा. आता महत्त्वाचं: पहिली मात्रा प्रयोगशाळेत, देखरेखीखाली. बाकीच्या घरी, स्वतःच्या हाताने. 'एकटा की सोबत' याचं उत्तर त्यांनी मात्रेच्या क्रमांकानुसार दिलं.

नीट तपासून घेतलेल्या, निरोगी लोकांतूनही एलएसडी गटातल्या चार जणांना अस्वस्थतेमुळे बाहेर काढावं लागलं. चाळीसातले चार. हे ओळखायला बाहेरून बघणारं कोणीतरी होतं. एकटा माणूस त्याच अस्वस्थतेला 'आतलं काहीतरी वर येतंय' असं नाव देतो आणि पुढची मात्रा घेतो. गाईडचं खरं काम हेच: थांब म्हणणं. मात्रेच्या दिवशी शेजारी बसून राहणं हे त्याच्या कामातलं सर्वांत कमी महत्त्वाचं.

तळटीप
उंबरठाने सांगितलं त्याला जोडून: त्याच चाचणीत मात्रेच्या दिवशी मूड थोडा वर गेला, पण टिकाऊ फरक दिसला नाही. आणि मात्रेच्या दुसऱ्या रात्री झोप सरासरी २४ मिनिटांनी वाढली. झोपेची नोंद ठेवायला हे चांगलं कारण आहे. झोप उलट दिशेने गेली तर काहीतरी बिघडतंय.

औषधमात्रा
आता सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे कोणी याच्या वाटेला जाऊच नये. हे काम 'गाईड'चं नाही, डॉक्टरचं किंवा निदान फार्मासिस्टचं आहे, आणि ते मात्रेच्या आधी होतं.

लिथियम (बायपोलर, म्हणजे उन्माद-नैराश्याच्या आजारावरचं औषध) घेत असाल तर मायक्रोडोसिंग अजिबात नको. ऑनलाइन नोंदवलेल्या अनुभवांच्या एका विश्लेषणात (२०२१) लिथियमसोबत सायकेडेलिक (एलएसडी, सिलोसायबिनसारखं द्रव्य) घेतल्याच्या ६२ नोंदी होत्या आणि त्यांतल्या ४७ टक्क्यांत झटके आले होते. त्या पूर्ण मात्रेच्या गोष्टी आहेत, पण सूक्ष्म मात्रा चालते असं कोणी दाखवलेलं नाही. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात परवानाधारक सेवा २०२३ पासून सुरू झाली, तिथेही गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतलेल्याला नकार मिळतो. पण म्हणून कोणी ३० दिवस लिथियम सोडून बघू नका. अचानक सोडलेलं लिथियम उन्माद परत आणतं.

ट्रामाडॉल: वेदनाशामक असलं तरी झटक्यांचा उंबरठा खाली आणतं. नको.

एमएओ अवरोधक (नैराश्यावरची जुन्या प्रकारची औषधं): सिलोसायबिनचा परिणाम वाढवून लांबवू शकतात. अयाहुआस्का या दक्षिण अमेरिकी भ्रमकारक काढ्यात तर हे द्रव्य मुळातच असतं, आणि ते एसएसआरआयसोबत (नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या) गेलं की सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे सेरोटोनिन अति वाढून जिवावर बेतण्याचा, खरा धोका.

एसएसआरआय: सिलोसायबिनची धार बऱ्याचदा बोथट करतात. इथे एक फार वाईट चूक होते. 'काहीच लागत नाही' म्हणून माणूस नैराश्याची गोळी परस्पर बंद करतो. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम सोडलं की चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, चिडचिड, रडू. त्याला तो 'मायक्रोडोसचा परिणाम' समजतो. फ्लुओक्सेटिन सोडलं तरी त्याचा चयापचयी घटक शरीरात आठवडेच्या आठवडे राहतो, म्हणजे 'चार दिवस सोडलं, आता मोकळा' हा हिशोबही खोटा.

स्वतःला किंवा आई-वडील-भावंडांत सायकोसिस (भास-भ्रमाचा मानसिक आजार) किंवा बायपोलर असेल तर सूक्ष्म मात्राही नको. गरोदरपणात, अंगावर पाजताना नको. झडपेचा हृदयविकार असेल तर नको. या शेवटच्यामागचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं: एलएसडी आणि सिलोसिन (शरीरात सिलोसायबिनपासून बनणारं द्रव्य) दोन्ही ५-एचटी२बी ग्राहकाला, म्हणजे पेशीवरच्या सेरोटोनिनच्या एका जागेला, चिकटतात. फेनफ्लुरामिन हे वजन कमी करायचं औषध याच वाटेने हृदयाच्या झडपा जाड करायचं, म्हणून १९९७ साली बाजारातून काढलं गेलं. पेर्गोलाइड या पार्किन्सनच्या औषधाचंही अमेरिकेत २००७ मध्ये तेच झालं. सूक्ष्म मात्रेने झडपा बिघडतात हे सिद्ध नाही, पण महिनोन्महिने आठवड्यातून तीन-चारदा घेणाऱ्याने हा धोका शून्य धरू नये. म्हणूनच 'कायमचं चालू ठेवायचं' ही कल्पना मला पसंत नाही. शेवटची तारीख पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी.

कासवगती
हे उपयोगी आहे. मग समजा डॉक्टरांनी सगळं तपासून अडथळा नाही म्हटलं. (आमच्या डॉक्टरांना हे विचारलं तर ते ओरडतील, असं कोणी म्हणेल.)

औषधमात्रा
ओरडले तरी चालेल, खोटं सांगू नका. 'मी घेणार आहे' म्हणण्यापेक्षा 'माझ्या औषधांबरोबर हे घेतलं तर काय होईल' असं विचारा. औषधांची यादी लिहून न्या, त्यात झोपेची गोळी, आयुर्वेदिक काढे, सेंट जॉन्स वर्ट सगळं. सेंट जॉन्स वर्टही सेरोटोनिन वाढवतं.

उंबरठा
आता गाईडकडे. कोणाला गाईड म्हणायचं? चार प्रकारचे लोक हे नाव लावतात. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ, जो बहुधा पदार्थ देऊ शकत नाही पण आधी-नंतर बोलू शकतो. परवानाधारक सहायक, जे मोजक्या ठिकाणीच आहेत. ओरेगनमध्ये त्याला १२० तासांचं प्रशिक्षण आणि ४० तासांचा सराव लागतो, आणि सत्रात त्याने निदान किंवा उपचार करायचे नसतात. तिसरा, ऑनलाइन 'कोच', ज्याची एकमेव पात्रता पुष्कळदा स्वतःचे अनुभव. चौथा, साधा विश्वासू मित्र, नशेत नसलेला. सूक्ष्म मात्रेसाठी पहिला आणि चौथा मिळून पुरतात, असं माझं मत. तिसऱ्याला पैसे देण्याआधी त्याला हा एक प्रश्न विचारा:

'मी लिथियम घेतो. मला किती दिवस आधी बंद करावं लागेल?'

जो दिवस सांगेल त्याच्याकडून उठून या. 'लिथियम असेल तर मी हे करणार नाही, आणि तुम्ही ते बंदही करू नका' म्हणणारा पुढच्या प्रश्नापर्यंत पोचला. पुढचे प्रश्न: मला रात्री झोप येईना आणि डोक्यात विचार धावू लागले तर तुम्ही काय कराल? (उत्तरात 'मात्रा थांबवा' आणि 'डॉक्टर' दोन्ही यायला हवेत.) तुम्ही स्वतः त्या दिवशी काही घेता का? स्पर्शाबद्दल तुमचा लेखी नियम काय? पदार्थ तुम्हीच विकता का?

शेवटच्याला 'हो' असेल तर तो विक्रेता आहे. त्याला तुमची मात्रा कमी करायला सांगणं म्हणजे दुकानदाराला कमी विकायला सांगणं.

पारिजात_७
स्पर्शाचा मुद्दा पूर्ण मात्रेपुरता नाही, हे अधोरेखित करते. २०१५ साली कॅनडात एमडीएमए या दुसऱ्या नशेच्या द्रव्याच्या एका चाचणीत दोन थेरपिस्ट खोलीत होते, चित्रीकरण चालू होतं, तरी रुग्णाच्या मर्यादा ओलांडल्या गेल्या. पदवी आणि कॅमेरा दोन्ही असताना. त्यामुळे नियम मात्रा घेण्याआधी, शुद्धीत, लिहून. त्या दिवशी तोंडी दिलेला होकार धरायचा नाही, नकार मात्र कधीही चालतो.

संशयात्मा
माझ्या आधीच्या प्रतिसादाची धार थोडी कमी करतो, पण एक अट घालतो. सोबती असो वा नसो, स्वतःवर चाचणी करा. अपारदर्शक कॅप्सूल, काही खऱ्या आणि काही रिकाम्या, एकसारख्या पाकिटांत, दुसऱ्या कोणीतरी सरमिसळ करून ठेवलेल्या, किल्लीचा कागद (कुठल्या पाकिटात काय) त्याच्याकडे. दर मात्रेच्या दिवशी, घेतल्यावर दोन तासांनी, एक ओळ लिहायची: 'खरी की खोटी, आणि मला असं का वाटतं'. 'पोटात गुडगुड झाली म्हणून' असं लिहिलंत तर महिन्याअखेर किल्ली उघडताना कळेल की पोटावरून ओळखलं, मनावरून नव्हे. सोबत्यालाही किल्ली माहीत नको. त्याला माहीत असेल तर त्याचा चेहराच सांगतो.

तळटीप
नोंदवहीत काय लिहायचं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून रकाने देतो: तारीख, वेळ, मात्रा (मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम, 'छोटा तुकडा' असं नको), आदल्या रात्रीची झोप तासांत, सकाळचा रक्तदाब आणि नाडी, दोन तासांनी पुन्हा तेच, अस्वस्थता ० ते १०, त्या दिवशी चहा-कॉफी आणि दारू किती, गांजा घेतला का. (गांजा घेतलाच असेल तर तो दिवस नोंदीतून बाद. तो मिसळला की घाबरटपणा कुठून आला हे कधीच कळत नाही.)

थांबण्याचे नियम आधीच लिहायचे, आणि सोबत्याच्या हातात एक प्रत. माझ्या मते हे चार: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, हे उन्मादाचं लक्षण असू शकतं. अस्वस्थता तीन मात्रांत चढती. मात्रा नसलेल्या दिवशीही डोळ्यांपुढे रेषा, कण, मागोमाग उरणारी प्रतिमा. आणि चौथा, 'आज थोडी जास्त घेऊन बघू' हा विचार. चौथ्यावर लोक हसतात, पण बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतो.

कासवगती
मधले दिवस सोडायचे का? काही जण रोज घेतात.

औषधमात्रा
सोडायचेच. एलएसडीची सहनशीलता तीन-चार दिवसांत चढते, रोज घेतलं तर तेवढ्याच मात्रेने काही होत नाही आणि माणूस मात्रा वाढवतो. म्हणून एक दिवस घेणं, दोन दिवस रिकामे, ही पद्धत रूढ झाली. एलएसडीचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण तीन तास, पण सूक्ष्म मात्रेचाही परिणाम सहा-आठ तास रेंगाळू शकतो. सकाळी घ्या, दुपारनंतर नको. तासाभरात काही जाणवलं नाही म्हणून दुसरी घेणं ही सर्वांत नेहमीची चूक. त्या दिवशी गाडी नाही, शिडी नाही, लहान मूल एकट्याच्या जबाबदारीवर नाही. पहिली मात्रा सुट्टीच्या दिवशीच.

उंबरठा
सोबत्याने पहिल्या दिवशी काय करायचं, ते अगदी थोडक्यात, कारण काम खरंच थोडं आहे. मात्रेच्या आधी पोचायचं, निदान सहा तास थांबायचं, स्वतः काहीही घ्यायचं नाही. औषधांची यादी, घेतलेला पदार्थ, मात्रा आणि वेळ एका कागदावर, खिशात. घाबरल्यासारखं झालं तर खोली बदलायची, आवाज कमी करायचा, 'ओसरेल' एवढं सांगायचं, तत्त्वज्ञान नाही. छातीत दुखणं, झटका, अंग ताठ होऊन थरथरणं आणि सोबत ताप, भलतंच बरळणं: लगेच रुग्णवाहिका. झटक्यात कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. डॉक्टरला खरं सांगायचं. तिथे 'काहीतरी खाल्लंय' म्हटलं की ते विषबाधेच्या वेगळ्याच वाटेने शोधत बसतात.

कासवगती
आणि सोबती लांब असेल तर? व्हिडिओ कॉलवर चालेल का?

उंबरठा
दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेपासून, नोंदवही वाचून दाखवायला, चालेल. पहिल्याला नाही. कॉलवरचा माणूस नाडी मोजू शकत नाही आणि पाण्याचा ग्लास देऊ शकत नाही. नाइलाजच असेल तर पहिली मात्रा पुढे ढकला, घाई कशाची आहे? दुसरं, सोबती खोलीत असला तरी आणि नसला तरी: दाराला आतून कडी लावायची नाही, आणि कुलपाची जादा किल्ली त्याच्याकडे.

पारिजात_७
बाथरूमच्या दाराचीही.